पावसाळ्यात स्वॅब घेण्याआधी

अगं, कोकणातल्या हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोलचं, म्हणजे जंतुसंसर्ग रोखायचं, काम घेतलंयस, तर जूनच्या आधीच भिंती बघायला शीक. जुन्या जांभ्याच्या इमारतीत ओल येतेच. ऑपरेशन थिएटरच्या एसीच्या जाळीवर काळे ठिपके दिसले की कल्चरच्या (जंतू वाढवून बघायच्या तपासणीच्या) रिपोर्टची वाट बघत बसू नकोस, आधी मेंटेनन्सवाल्याला बोलाव.

सेटल प्लेट, म्हणजे हवेतले जंतू पडून वाढावेत म्हणून ठेवलेली खाद्याची बशी, जमिनीपासून एक मीटर वर, भिंतीपासून एक मीटर लांब, एक तास उघडी ठेवायची.

स्वॅब, म्हणजे पृष्ठभागावरचे जंतू टिपायची कापसाच्या टोकाची काडी, कोरडा फिरवू नकोस. निर्जंतुक सलाईनमध्ये बुडव, नळीच्या कडेला दाबून निथळव, मग गोल फिरवत घे. मावशींनी नुकतंच हायपोक्लोराइटने (क्लोरीनच्या जंतुनाशकाने) पुसलं असेल तर प्लेट कोरी येणारच! असा रिपोर्ट म्हणजे फाईलची शोभा. तिथे थायोसल्फेट घातलेलं द्रावण वापर, थायोसल्फेट उरलेला क्लोरीन मारतं. जागाही नीट निवड. फरशीपेक्षा बेडचे कठडे, मॉनिटरची बटणं बघ. असिनेटोबॅक्टर नावाचा जंतू कोरड्यावरही कित्येक दिवस टिकतो. सिंकच्या जाळीत सुडोमोनास हा दुसरा जंतू.

दर आठवड्याला सरसकट स्वॅब घेणं मला विचारशील तर पैसे वाया घालवणं आहे, अमेरिकेची सीडीसी ही सरकारी रोगनियंत्रण संस्थाही ते सुचवत नाही. रुग्णांत एकच जंतू वारंवार सापडला किंवा तोडफोडीचं काम झालं, तर जरूर घे. डायलिसिसचं पाणी मात्र दर महिन्याला: मिलिलिटरमागे जंतूंच्या 100 वसाहतींच्या (प्लेटवर वाढणाऱ्या ठिपक्यांच्या) आत हवं. नमुना बाहेरगावच्या लॅबला जाणार असेल तर बर्फाच्या डब्यातच दे. घाटात दरड आली की गाडी किती वेळ अडकेल, सांगता येत नाही.