डब्यातलं सोया आणि पोत्यातलं सोया

सोया प्रोटीनबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. मी आहारतज्ज्ञ आहे. तुमची औषधं बदलायची असतील तर ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

प्रश्न : वय ६२, वजन ५५ किलो. शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. हल्ली जिना चढताना मांड्या भरून येतात. सुनेने सोया प्रोटीनचा डबा आणून दिलाय. रोज घेऊ का? (नाशिक)

उत्तर : आधी तुमच्या ताटाचा हिशेब करू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे तुम्हाला साधारण ४६ ग्रॅम. तुम्ही लिहिलेला दिवस मी मांडून पाहिला. सकाळच्या पोह्यांतून ३ ग्रॅम मिळतात. दुपारच्या दोन पोळ्या, वाटीभर वरण आणि थोडा भात मिळून १४. दिवसभराच्या चहातल्या दुधातून ५. रात्रीची एक भाकरी आणि भाजी यांतून ८. बेरीज जेमतेम ३०, म्हणजे रोज १५-१६ ग्रॅमची तूट. वर्षानुवर्षं अशी तूट राहिली की स्नायू झिजतात, आणि उतारवयात झिजलेला स्नायू भरून यायला फार वेळ लागतो. म्हणून सुनेची काळजी अगदी रास्त आहे.

आता डबा हातात घ्या आणि मागचा तक्ता वाचा. १०० ग्रॅममागे प्रोटीन ८० ते ९० ग्रॅम असेल तर ते सोया आयसोलेट, म्हणजे जवळपास निव्वळ सोया प्रोटीन, आणि त्याचे २० ग्रॅम घेतले की तुमची तूट भरते. आकडा ३०-३५ च्या आसपास असेल तर उरलेल्या डब्यात बहुतेक साखर, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली भरीची पावडर) आणि कोको आहे. तो परत करता आला तर करा.

डब्याशिवायही जमतं. ३० ग्रॅम कोरड्या सोया वड्यांत १५ ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं. मात्र वजन कोरड्या वड्यांचं करायचं. भिजल्यावर त्या पाणी पिऊन जड होतात आणि ताटात ढीगभर दिसतात, तिथे अंदाज चुकतो. उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, मुठीत दाबून पिवळट, फेसाळ पाणी काढून टाका, गार पाण्यात पुन्हा दोनदा पिळा. सोयाच्या वासाची जी तक्रार असते ती या दोन पिळण्यांत बरीचशी जाते. मग मटकीच्या उसळीत घाला किंवा बारीक करून मसालेभातात.

आणखी एक. सोयात ब-१२ अजिबात नसतं. मांड्या भरून येण्यामागे ब-१२, ड जीवनसत्त्व किंवा हिमोग्लोबिनची कमतरताही असू शकते, तेव्हा रक्त तपासून घ्या.

प्रश्न : आमचं सहा एकर सोयाबीन असतं. दरवर्षी सगळं आडतीवर जातं. मुलांसाठी मेडिकलमधून सोया पावडर आणण्याऐवजी घरचंच सोयाबीन दळून खाल्लं तर चालेल का? (लातूर जिल्हा)

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. लातूरच्या बाजारात तुम्ही जे पोतं विकता त्यातल्या दाण्यात ३८ ते ४० टक्के प्रोटीन असतं. तेल काढून उरलेली पेंड बहुतेक कोंबड्यांच्या खाद्यात जाते. पिकवणाऱ्याच्या पोरांच्या ताटात मात्र त्यातलं काहीच येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तेव्हा घरचं सोयाबीन जरूर खा, पण कच्चं दळून नाही.

कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन रोधक नावाचा घटक असतो. प्रोटीन पचवणाऱ्या पाचकरसालाच तो अडवतो. मग पोट फुगतं, जुलाब होतात आणि खाल्लेलं प्रोटीन अंगी लागत नाही. उष्णतेने तो निकामी होतो. त्यासाठी दाणा निवडून, धुऊन, तिप्पट उकळत्या पाण्यात सोडा आणि २०-२५ मिनिटं उकळू द्या. पाणी फेकून द्या. दाणे कापडावर पसरून कडकडीत वाळवा. दाताखाली टचकन फुटला की वाळला, चिवट लागला तर अजून एक ऊन द्या. ओलसर दाणा दळला तर पिठाला बुरशी लागते.

नऊ किलो गव्हात एक किलो हे सोयाबीन मिसळून गिरणीत द्या. यापेक्षा जास्त घातलं तर पोळी वातड होते, वास उग्र येतो आणि मुलं पोळी बाजूला सारतात. या प्रमाणात १०० ग्रॅम पिठातलं प्रोटीन १२ वरून साधारण १४ ग्रॅमवर जातं. आकडा लहान वाटेल, पण प्रोटीन ज्या अमिनो आम्लांचं बनतं त्यांतलं लायसिन गव्हात कमी असतं आणि सोयाबीनमध्ये भरपूर असतं, सोयाबीनमध्ये मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी पडतं ते गहू पुरवतो. म्हणून दोन्ही मिळून पोळीचा कस वाढतो. ज्वारीलाही हेच लागू आहे. पीठ पंधरा दिवसांपुरतंच दळा, सोयाबीनमधल्या तेलामुळे ते लवकर खवट होतं.

सप्टेंबरात दाणा भरला की हिरव्या शेंगा भुईमुगासारख्या मीठ घालून उकडा. मुलांना त्या फार आवडतात. फक्त फवारणीनंतर औषधाच्या बाटलीवर लिहिलेले दिवस उलटलेले असू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते. पेरणीतून उरलेलं बियाणं कधीही, कितीही धुऊन, खाऊ नका. त्याला थायरमसारखं बुरशीनाशक चोळलेलं असतं. गुलाबी-लालसर रंग त्याचीच खूण आहे. ती पिशवी धान्याच्या कोठीत ठेवूच नका. घरातल्या वयस्कर माणसांना आणि मुलांनाही हे सांगून ठेवा.

प्रश्न : वय २१, रोज जिमला जातो. व्हे (दुधाच्या निवळीपासून केलेली प्रोटीन पावडर) परवडत नाही म्हणून सोया घेणार होतो. पण मित्र म्हणतात, सोयाने पुरुषांची छाती वाढते आणि टेस्टोस्टेरॉन कमी होतं. खरं आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : नाही. सोयात आयसोफ्लेव्होन्स असतात. त्यांची रचना स्त्रियांमधल्या इस्ट्रोजेनशी थोडी मिळतीजुळती असते, पण शरीरात त्यांचा परिणाम फार क्षीण असतो. पुरुषांवर झालेल्या अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, त्यांत टेस्टोस्टेरॉनही घटलं नाही आणि इस्ट्रोजेनही वाढलं नाही. छाती वाढल्याची एक नोंद अमेरिकेतली आहे. तो ६० वर्षांचा गृहस्थ रोज जवळपास तीन लिटर सोया दूध प्यायचा. सोया बंद केल्यावर त्याचा त्रासही गेला.

व्हेमध्ये ल्युसिन हे स्नायू बांधायला लागणारं अमिनो आम्ल जास्त असतं, त्यामुळे व्यायामानंतर ते थोडं सरस ठरतं. पण दिवसभराचं प्रोटीन पुरेसं असेल आणि व्यायामात खंड नसेल, तर काही महिन्यांनी ताकदीत आणि स्नायूंत फारसा फरक राहत नाही. तुझं वजन ६८ किलो. किलोमागे १.४ ते १.६ ग्रॅम धर, म्हणजे रोज ९५ ते ११० ग्रॅम. त्यातले २५-३० सोयातून घे आणि बाकी दूध, डाळी, अंडी, मटण यांतून येऊ दे. घरच्या जेवणाला काट मारून शेकवर राहू नकोस.

प्रश्न : थायरॉइडची गोळी चालू आहे. सोया बंद करू का? (ठाणे)

उत्तर : बंद करायची गरज नाही, फक्त वेळ सांभाळा. सोयामुळे आतड्यातून गोळी कमी शोषली जाते. गोळी पहाटे उपाशीपोटी आणि सोया चार तासांनंतर, म्हणजे दुपारच्या जेवणात. आहारात सोया नव्याने आणलं असेल तर दीड-दोन महिन्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या. आयोडीनयुक्त मीठ मात्र सोडू नका.

प्रश्न : सासऱ्यांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६० आहे. सोया प्रोटीनने कोलेस्टेरॉल उतरतं असं ऐकलं. गोळीऐवजी चालेल? (अमरावती)

उत्तर : गोळीऐवजी नाही. रोज २५ ग्रॅम सोया प्रोटीन हृदयाला हितकर, असा दावा पाकिटावर छापायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये परवानगी दिली. पुढच्या अभ्यासांत परिणाम एकसारखा दिसेना, म्हणून २०१७ मध्ये त्याच प्रशासनाने ती मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. सरासरी घट ३-४ टक्क्यांची दिसते. १६० वर ती पाच-सहा अंकांची झाली. खरा लाभ होतो तो अदलाबदलीत. आठवड्यातून तीनदा चरबीवाल्या मटणाच्या जागी सोया वडीचा रस्सा आला तर ते चांगलंच. रोजच्या ताटात वर आणखी चमचाभर पावडर टाकून तेवढं साधणार नाही.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे, क्रिएटिनिन २.१ आलंय. अशक्तपणा वाटतो म्हणून त्यांनी परवाच सोया प्रोटीन सुरू केलं. (सोलापूर)

उत्तर : आजच थांबवा. क्रिएटिनिन इतकं वाढतं तेव्हा मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असतं, आणि अशा वेळी रोज किती प्रोटीन द्यायचं ते मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी ठरवायचं असतं. पावडरीतून फॉस्फरसही जातो, काहींतून पोटॅशियमही. अशक्तपणा मूत्रपिंडाच्या आजारात रक्त कमी झाल्यामुळेही येतो, आणि त्यावर वेगळे उपचार आहेत. डबा फेकू नका, डॉक्टरांकडे सोबत न्या, म्हणजे त्यांना लेबल वाचता येईल.