मुलीला मानसिक आरोग्याच्या सरकारी कामात जायचंय

(ऐरोलीच्या एका आईचं पत्र, थोडक्यात: मुलगी टी.वाय.बी.ए.ला, विषय मानसशास्त्र. एचआर नको, खासगी क्लिनिक नको, सरकारी मानसिक आरोग्य सेवेतच काम करायचं म्हणते. वडील म्हणतात, तिथे सगळं कंत्राटी, आज पैसा आहे, उद्या नाही. तिला कसं समजवावं?)

ताई, नमस्कार.

बाबांचं पैशाबद्दलचं म्हणणं खोटं नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचं, राज्य सरकारचं. तिथली नियमित पदं कायम, पण जाहिरात निघण्याची वाट बघण्यात वर्षं जातात. तुमची लेक म्हणते ते काम मात्र भिंतींबाहेरचं आहे. माणूस घरी राहून सावरावा, पुन्हा कामाला लागावा, यासाठीचं. ते मुख्यतः जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून चालतं. १९९६ पासूनची ही योजना. खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०. पैसा योजनेचा, म्हणून माणसंही योजनेचीच: बहुतेक नेमणुका कंत्राटी, दर वर्षी नव्याने ऑर्डर. पेन्शनची आशा धरून या कामात कुणी जाऊ नये.

तरीही तिला परावृत्त करू नका. काही वर्षांपूर्वी मी आपल्या जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मानसोपचार ओपीडीच्या दिवशी बसले होते. एक आजी एसटीने मुलाला घेऊन आलेल्या. पदराच्या गाठीत केसपेपर, त्यात जुन्या गोळ्यांचं रिकामं पाकीट. डॉक्टरांना दोनच मिनिटं मिळाली. पुढचा पाऊण तास समाजसेविका त्यांच्याशी बोलत होती: गोळ्या मध्येच का थांबल्या, दिव्यांग प्रमाणपत्र काढलंय का, 'संजय गांधी निराधार'चा अर्ज कुठे अडलाय. मुलगा आधी गॅरेजमध्ये कामाला होता, हे तिनेच काढून घेतलं. मग तिने गॅरेजवाल्याला फोन लावला. फोनवर ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण आजींचा चेहरा मी पाहिला.

बंगळुरूच्या निमहान्स या केंद्र सरकारच्या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय सर्वेक्षण केलं. वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, असं त्यात दिसलं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळण्याचा आणि समाजात राहण्याचा हक्क दिला. हक्क कागदावर आला, पण तो बजावायला माणसं कमी आहेत. म्हणजे काम संपणार नाही. हमी नाही ती एका विशिष्ट खुर्चीची.

म्हणून मुलीला एवढंच सांगा, की पदवी अशी घे जी योजना बंद पडली तरी चालेल. नुसत्या बी.ए. मानसशास्त्रावर काहीच होत नाही, हे तिला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेची नोंदणी लागते. तिथे जागा थोड्या, स्पर्धा भयंकर. या अभ्यासक्रमाची, म्हणजे एम.फिल.ची, रचना सध्या बदलते आहे, त्यामुळे फी भरण्याआधी मान्यता परिषदेच्याच यादीत तपासा, कॉलेजच्या माहितीपत्रकात नव्हे. तिचा कल मला एमएसडब्ल्यूकडे, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीकडे, जास्त वाटतो. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था (टिस), चर्चगेटचं निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय, दोन्ही ऐरोलीहून लोकलने जाण्याजोगी. पुढे मनोविकार समाजकार्याकडे, म्हणजे मानसिक रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसोबतच्या समाजकार्याकडे, वळली तर सरकारी कार्यक्रम, रुग्णालयं, संस्था, तिन्ही दारं उघडी राहतात. तुमच्या जवळच ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून काम करते आहे. अशा ठिकाणी आधी स्वयंसेवक म्हणून वर्षभर जाऊन पाहावं.

बाबांनाही एक काम देते. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणाऱ्या सेवेचा, मोफत सरकारी क्रमांक आहे, २०२२ पासून चालू. घरात, शेजारी कुणाला गरज असेल तर लावून द्या म्हणावं. पलीकडून जे बोलतात, त्यांचा पगारही सरकारी तिजोरीतूनच निघतो.

आणि एमएसडब्ल्यूच्या फॉर्मसाठी जूनपर्यंत थांबू नका. प्रवेश परीक्षांच्या तारखा आत्ताच पाहून ठेवा.