नाणेफेकीच्या गणितात करिअर होते का?

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे. गणितात तिला पहिल्यापासून गती आहे, त्यामुळे तिने कॉम्प्युटर इंजिनीअरिंग करावे असे आम्ही धरून चाललो होतो. गेले काही महिने मात्र ती संगणकाला कोणती कामे कधीच जमणार नाहीत आणि गणितात नाणेफेकीसारख्या योगायोगाचा उपयोग कसा करतात, याविषयी सतत वाचत असते आणि ‘मला हेच शिकायचे आहे’ असे म्हणते. जे होणारच नाही त्याचा अभ्यास करून पोट कसे भरणार, आणि जिथे नशिबावर भिस्त ठेवायची ते गणित कसले, असा मला प्रश्न पडतो. तिची समजूत कशी घालावी? — एक पालक, सांगली

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपल्या दोन्ही शंका रास्त आहेत. त्यांची उत्तरे नोकऱ्यांची यादी देऊन मिळण्यासारखी नाहीत, ती या विषयाच्या आतच आहेत. म्हणून आधी विषयाबद्दल सविस्तर लिहितो आणि प्रवेशपरीक्षांकडे नंतर वळतो.

१९०० साली पॅरिसला भरलेल्या गणित परिषदेच्या निमित्ताने डाव्हिड हिल्बर्ट यांनी नव्या शतकापुढे २३ प्रश्न मांडले. त्यांतल्या दहाव्या प्रश्नात त्यांनी एक रीत मागितली होती : पूर्णांक सहगुणक असलेले कोणतेही बहुपदी समीकरण समोर आले, तरी त्याला पूर्णांकांत उकल आहे की नाही, हे मोजक्या पायऱ्यांत ठरवून देणारी. अशी रीत नाही हे सिद्ध करायचे, तर ‘रीत’ म्हणजे नेमके काय हे आधी ठरायला हवे होते. ते काम १९३६ साली अ‍ॅलन ट्युरिंग यांनी आणि वेगळ्या वाटेने अलोन्झो चर्च यांनी केले. ट्युरिंग यांनी दाखवले, की दिलेला प्रोग्रॅम दिलेल्या माहितीवर कधीतरी थांबेल की अखंड चालत राहील, याचे प्रत्येक वेळी अचूक उत्तर देणारा प्रोग्रॅम असूच शकत नाही. पुढे मार्टिन डेव्हिस, हिलरी पटनम आणि ज्युलिया रॉबिन्सन यांनी रचलेल्या पायावर युरी मातियासेविच या २२ वर्षांच्या रशियन तरुणाने १९७० साली शेवटचा दुवा जोडला आणि हिल्बर्टना हवी असलेली रीत नाही, हे सिद्ध झाले.

याचा अर्थ समीकरणांचा अभ्यास तिथे संपला असा मुळीच झाला नाही. तीन पूर्णांकांच्या घनांची बेरीज ४२ येते का, हा साधा दिसणारा प्रश्न २०१९ साली अँड्र्यू बुकर आणि अँड्र्यू सदरलँड यांनी लाखो संगणकांच्या मदतीने सोडवला. सापडलेल्या तिन्ही संख्या १७ अंकी होत्या. सर्वांना लागू पडणारी रीत नसल्यामुळे प्रत्येक समीकरणापुढे माणसाला नवी युक्ती लढवावी लागते. आपली मुलगी ज्याला ‘जमणार नाही’ म्हणते ते अपयशाचे वर्णन नसून पायथागोरसच्या प्रमेयाइतकेच पक्के प्रमेय आहे, आणि कुठे रीत शोधायची व कुठे शोधण्यात आयुष्य घालवायचे नाही, हे ते सांगते.

आता नशिबाविषयी. इथे मी तिला एक उदाहरण घालून देतो. आपणही कागद घेऊन तिच्याबरोबर बसावे. समजा, एका वर्गात ४० मुली आहेत आणि त्यांच्यातल्या १०० जोड्यांचे आपसात पटत नाही. वर्गाचे दोन गट करायचे आहेत आणि न पटणाऱ्या जोड्यांपैकी जास्तीत जास्त जोड्या फुटून दोघी वेगवेगळ्या गटांत जायला हव्या आहेत. काहीही विचार न करता प्रत्येक मुलीसाठी नाणे उडवा. छापा पडला तर पहिला गट, काटा पडला तर दुसरा. कोणत्याही एका जोडीकडे पाहिले तर छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा आणि काटा-काटा या चार शक्यता सारख्याच आहेत आणि त्यांतल्या दोनांत ती जोडी फुटते. म्हणजे प्रत्येक जोडी फुटण्याची संभाव्यता निम्मी, आणि १०० जोड्यांपैकी सरासरी ५० जोड्या फुटणार. आता एकही विभागणी किमान ५० जोड्या फोडणारी नसती, तर सरासरी ५० आलीच नसती. तेव्हा किमान ५० जोड्या फुटतील अशी विभागणी नक्की अस्तित्वात आहे.

हा शेवटचा निष्कर्ष पुन्हा वाचावा, अशी माझी विनंती आहे. त्यात ‘बहुधा’ नाही. नाणे उडवले, पण हाती आले ते शंभर टक्के खात्रीचे विधान, आणि तेही ती विभागणी प्रत्यक्ष न दाखवता. पॉल एर्डिश यांनी १९४७ साली याच धाटणीच्या युक्तिवादाने एक अवघड प्रश्न काही ओळींत निकालात काढला आणि त्यातून गणिताची एक मोठी शाखा उभी राहिली.

नाण्याचा दुसरा उपयोग प्रत्यक्ष व्यवहारातला आहे. संकेतस्थळांवरचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या आरएसए पद्धतीला शेकडो अंकी मूळ संख्या लागतात. एखादी ३०० अंकी संख्या मूळ आहे की संयुक्त, हे तपासण्यासाठी मिलर आणि रेबिन यांची कसोटी वापरतात, आणि तीत तपासणाऱ्याने स्वतः एक संख्या कशीही उचलायची असते. समोरची संख्या संयुक्त असेल, तर उचललेल्या संख्यांपैकी किमान तीन चतुर्थांश संख्या तिचे बिंग फोडतात. ५० वेळा वेगवेगळ्या संख्या उचलूनही बिंग फुटले नाही, तर फसवले गेल्याची शक्यता एक भागिले ३१ अंकी संख्येपेक्षाही कमी उरते. ही हमी तपासायला आलेल्या प्रत्येक संख्येला सारखीच लागू आहे, कारण योगायोग त्या संख्येत नाही, तपासणाऱ्याच्या निवडीत आहे आणि त्याच्या चुकीचा हिशेब आधीच मांडलेला आहे. नशिबावर भिस्त ठेवणे आणि हे, यांत म्हणूनच फार अंतर आहे.

नाण्याशिवाय हेच काम तितक्याच खात्रीने आणि वाजवी वेळात होईल का, हा प्रश्न बरीच वर्षे अनुत्तरित होता. २००२ साली आयआयटी कानपूरमध्ये मणींद्र अग्रवाल आणि नुकतेच बी.टेक. झालेले त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना, यांनी ‘होईल’ असे उत्तर दिले. त्यांच्या या कामाला पुढे सैद्धांतिक संगणकशास्त्रातले गोडेल पारितोषिक मिळाले. वर्गाच्या उदाहरणातही नाणे काढून टाकता येते. कसे, ते मी मुद्दाम लिहीत नाही. आपल्या मुलीला विचारा आणि दोन-चार दिवस द्या.

त्याच उदाहरणात आणखी पुढे जावे, असे मला वाटते, कारण तिचे दोन्ही आवडते विषय तिथे एकत्र येतात आणि ती वाट आपल्या भागातून जाते. किमान ५० जोड्या फोडणे सोपे आहे, पण जास्तीत जास्त किती फुटतील हे अचूक काढणे, हा संगणकाला अतिशय जड जाणाऱ्या प्रश्नांपैकी एक आहे. ते झटपट काढणारी रीत कोणाला माहीत नाही, आणि अशी रीत नसावी असेच बहुतेक तज्ज्ञ मानतात. ते सिद्ध करणे म्हणजेच ‘पी विरुद्ध एनपी’ हा १० लाख डॉलरचे बक्षीस लागलेला प्रश्न (‘पी’ म्हणजे झटपट सोडवता येणारे प्रश्न, ‘एनपी’ म्हणजे हाती आलेले उत्तर झटपट तपासता येणारे प्रश्न). मग अचूक नाही तर नाही, जवळपास तरी किती जाता येते? १९९० च्या दशकात मायकेल गोमन्स आणि डेव्हिड विल्यमसन यांनी योगायोगाचा अधिक खुबीने वापर करून सर्वोत्तमाच्या सुमारे ८७.८ टक्क्यांपर्यंत पोहोचणारी रीत दिली. त्याहून पुढे का जाता येत नाही, याचे उत्तर सुभाष खोत यांनी २००२ साली मांडलेल्या एका अटकळीतून मिळते. ‘युनिक गेम्स’ नावाची ही अटकळ खरी असेल, तर हा आकडा ओलांडणारी झटपट रीत (पी आणि एनपी वेगळे आहेत असे धरून) असू शकत नाही, हे खोत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे दाखवले. अटकळ पूर्णपणे सिद्ध व्हायची आहे. हे सुभाष खोत सांगलीहून तासाभराच्या अंतरावरच्या इचलकरंजीचे. १९९५ साली आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेत ते देशात पहिले आले, आयआयटी मुंबईतून कॉम्प्युटर सायन्सची पदवी आणि प्रिन्स्टनहून डॉक्टरेट घेतली, आणि २०१४ साली त्यांना संगणनाच्या गणिती अभ्यासासाठी दिले जाणारे नेव्हानलिना पारितोषिक मिळाले. संगणनाच्या मर्यादांचा अभ्यास हेच त्यांचे आयुष्यभराचे काम आहे.

दोन्ही विषयांचे नाते याहूनही खोल आहे. १९९७ साली रसेल इम्पाग्लियाझो आणि आवी विगडरसन यांनी दाखवले, की काही विशिष्ट प्रश्न खरोखरच पुरेसे अवघड असतील, तर योगायोगाच्या मदतीने चालणारी प्रत्येक कार्यक्षम रीत योगायोगाविनाही कार्यक्षमतेने चालवता येईल. एकीकडची मर्यादा दुसरीकडे साधन बनते. बारावीतल्या मुलीला या दोन गोष्टींबद्दल एकाच वेळी कुतूहल वाटावे, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

आता पोटापाण्याचे. फक्त सैद्धांतिक संशोधन करण्याच्या जागा देशात थोड्या आहेत आणि त्यांसाठी पदवी, पुढे पीएच.डी. आणि त्यानंतरही काही वर्षे द्यावी लागतात, हे आपण सर्वांनी आधीच मान्य करून चालावे. पण पीएच.डी.च्या काळात घरून पैसे मागवावे लागत नाहीत. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आहे. शिवाय या वाटेने निघालेले अनेक जण मध्येच उद्योगाकडे वळतात आणि तिथे त्यांना मागणी असते. मालवाहतुकीचे मार्ग, विमानांची वेळापत्रके, चिपची रचना, विमा आणि वित्त, सायबर सुरक्षा या सगळ्या ठिकाणी असे प्रश्न येतात, की ज्यांचे अचूक उत्तर वेळेत मिळणे शक्य नसते. अशा वेळी ‘हे अचूक होणार नाही, पण इतक्या चुकीच्या मर्यादेत इतक्या वेळात करून देतो’ असे जबाबदारीने सांगणारा माणूस लागतो.

प्रवेशाच्या बाबतीत इंजिनीअरिंग की गणित असा घरात वाद घालू नये. खोत, कयाल आणि सक्सेना हे तिघेही आयआयटीच्या कॉम्प्युटर सायन्समधूनच आले. तिने जेईईची तयारी सोडू नये. बंगळूरच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेतील गणित व संगणन या विषयातील बी.टेक.ला जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधूनच प्रवेश मिळतो. त्याच्या जोडीला चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची प्रवेशपरीक्षा (तिथे गणित आणि कॉम्प्युटर सायन्स असा एकत्र बी.एस्सी. अभ्यासक्रम आहे) आणि इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची बी.मॅथ. व बी.स्टॅट.ची परीक्षा द्यावी. स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणीशुल्क नाही, उलट विद्यावेतन मिळते. पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेचा पर्यायही चांगला आहे. माझे स्पष्ट मत असे, की एका बाजूला साधारण दर्जाच्या खासगी महाविद्यालयातील कॉम्प्युटर शाखा आणि दुसऱ्या बाजूला चेन्नई किंवा स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, अशी निवड आली तर या मुलीने दुसरी बाजू घ्यावी. यांपैकी काहीच मिळाले नाही, तर आपल्या भागातल्या चांगल्या महाविद्यालयात गणित घेऊन बी.एस्सी. करावे, उन्हाळ्यात एमटीटीएस या गणिताच्या विद्यार्थ्यांसाठीच्या प्रशिक्षण शिबिरासाठी अर्ज करावा आणि जॅम या एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेतून आयआयटी गाठावी. पुढे मुंबईची टीआयएफआर आणि चेन्नईची आयएमएससी या संशोधन संस्थांमध्ये आणि अनेक आयआयटींमध्ये याच विषयात संशोधन चालते.

एका गोष्टीची तयारी मात्र क्लासमध्ये होत नाही. सीईटीत चारांतला बरोबर पर्याय वेगाने निवडायचा असतो; चेन्नईच्या आणि स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या परीक्षांत युक्तिवाद पूर्ण वाक्यांत लिहून दाखवावा लागतो. या संस्थांच्या मागील प्रश्नपत्रिका त्यांच्या संकेतस्थळांवर आहेत. आठवड्यातून दोन प्रश्न घेऊन तिने त्यांची सिद्धता सुवाच्य लिहावी आणि महाविद्यालयातल्या गणिताच्या शिक्षकांकडून तपासून घ्यावी. वर उल्लेख केलेले नाण्याशिवायचे उत्तरही असेच लिहून काढावे. ते तिला लगेच सुचते की आठ दिवस लागतात, याला मी महत्त्व देणार नाही. सुचल्यावर ‘१०० पैकी ५० च का, ५१ ची हमी देता येईल का?’ असा पुढचा प्रश्न ती आपणहून विचारते का, याकडे आपण लक्ष ठेवावे. ती तो विचारत असेल, तर या संस्थांचे अर्ज निघताच भरावेत आणि तिची समजूत घालण्याचा विचार सोडून द्यावा.