'मीन स्ट्रीक' या रोलर कोस्टरचा 'स्टील व्हेंजन्स' झाला, म्हणजे नेमकं काय बदललं?
सर्वांत मोठा बदल रुळांचा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या सीडर पॉइंट या मनोरंजन पार्कमधला हा कोस्टर 1991 साली सुरू झाला तेव्हा लाकडी होता, आणि वय वाढलं तसे त्याचे हादरे नकोसे झाले. 2016 मध्ये तो बंद केला. रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन या कोस्टर बांधणाऱ्या कंपनीने लाकडी सांगाड्याचा बराच भाग तसाच ठेवून वर पोलादी रूळ बसवले आणि 2018 मध्ये तो नव्या नावाने उघडला. उंची 161 फुटांवरून 205 फूट झाली. पूर्वी एकदाही उलटा न होणारा कोस्टर आता चारदा उलटा होतो. पण खरी मजा आहे ती सीटवरून पुन्हा पुन्हा उचललं जाण्यात, एका फेरीत एकूण सुमारे 27 सेकंद! जुना खडखडाट गेल्याची काही चाहत्यांना हळहळ वाटते, ती मला समजते. तरी मी नव्याच्याच बाजूने.