दुबईत दोन वर्षं झाली, आता गुंतवणूक सुरू करायची आहे. आर्थिक सल्लागार नेमू का?

तुम्ही लिहिलंय की वय 28, खर्च जाऊन महिन्याला चारेक हजार दिरहम उरतात, आजवर मुदत ठेवीपलीकडे काही केलेलं नाही, आणि एक ‘वेल्थ मॅनेजर’ आठवड्यातून तीनदा फोन करतोय. माझं मत असं: त्या फोनवाल्याला नेमू नका. पहिल्या वर्षात तर बहुधा कोणालाच नेमायची गरज नाही. पुढे एक वेळ येईल तेव्हा नेमा, पण फी देऊन.

हे मी शहाणपणाने नाही, पैसे घालवून सांगतोय. मी मूळचा चिपळूणचा. 2010 साली शारजाला आलो, बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर म्हणून. ठेकेदाराचं बिल ओळ न् ओळ तपासणं हा माझा धंदा. पण पुढच्याच वर्षी ऑफिसखालच्या कॅफेटेरियात करक चहा पिता पिता एका सुटाबुटातल्या सल्लागारासमोर पंचवीस वर्षांच्या बचत योजनेवर सह्या केल्या, तेव्हा एकही पान वाचलं नाही. चहाचे पैसे त्यानेच दिले.

हप्ता होता महिना 1,500 दिरहम. पंचवीस वर्षांचे होतात साडेचार लाख. विकणाऱ्याचं कमिशन या पूर्ण साडेचार लाखांवर धरलेलं, आणि ते त्याला सुरुवातीलाच मिळालेलं, हे मला फार नंतर कळलं. म्हणजे मी पंचवीस वर्षांत काय भरणार यावर त्याने पहिल्याच वर्षी हात मारला होता. ते वसूल व्हावं म्हणून माझे पहिल्या 18 महिन्यांचे हप्ते, म्हणजे 27,000 दिरहम, वेगळ्या प्रकारच्या युनिटांत अडकवलेले. योजना मुदतीआधी मोडली की ते जवळजवळ बुडाले. साडेतीन वर्षांनी मी मोडली. भरले होते 63,000, हातात आले 31,000 आणि काही. तोवर सल्लागारसाहेब नोकरी बदलून दुसऱ्या देशात गेले होते.

या योजनांबद्दल ओरड वाढल्यावर 2020 साली यूएईने नियम कडक केले, कमिशनवर मर्यादा आणली. तेव्हा तुमच्यासमोर येणारा कागद माझ्याइतका वाईट नसेलही. तरी फोन करणाऱ्याचा पगार कुठून निघतो हा प्रश्न तसाच राहतो.

आणखी एक गोष्ट मला आजही खटकते. ‘हे पैसे तुम्ही शेवटी कुठे खर्च करणार?’ हा साधा प्रश्न त्याने एकदाही विचारला नाही. दिरहम 1997 पासून डॉलरला बांधलेला आहे, 3.6725 ला एक डॉलर. मी आलो तेव्हा एका दिरहमला बारा रुपये मिळायचे, आता वीसच्या बरेच वर मिळतात. ज्याला चिपळुणात घर बांधायचंय आणि ज्याला मुलांना कॅनडात शिकवायचंय, त्या दोघांची गुंतवणूक सारखी कशी असेल?

आता भारतातल्या सल्लागारांचं. तिथे दोन जातींचे लोक एकाच नावाने फिरतात. एक म्हणजे सेबीकडे, म्हणजे भारताच्या शेअर बाजार नियामकाकडे, नोंदणी असलेला गुंतवणूक सल्लागार. 2013 च्या नियमांखाली येतो, त्याचा नोंदणी क्रमांक आयएनए या अक्षरांनी सुरू होतो, तो तुमच्याकडून फी घेतो, आणि सल्ला दिलेल्या माणसालाच वर माल विकून कमिशन घेऊ शकत नाही. दुसरा म्हणजे म्युच्युअल फंडाचा वितरक. त्याच्याकडे एआरएन क्रमांक असतो आणि त्याला फंड कंपनी कमिशन देते. वितरक म्हणजे लबाड असं मुळीच नाही. माझ्या मामेभावाचा वितरक फॉर्म भरण्यापासून केवायसीपर्यंत सगळं घरी येऊन करतो. पण ते फुकट नसतं. 1 जानेवारी 2013 पासून प्रत्येक फंडाची डायरेक्ट योजनाही मिळते, तिच्यात हे कमिशन नसतं. समजा फरक वर्षाला एक टक्क्याचा आहे आणि तुम्ही महिना 20,000 रुपये वीस वर्षं भरता. 11 टक्क्यांनी साधारण 1 कोटी 73 लाख होतात, 10 टक्क्यांनी 1 कोटी 52 लाख. मधले एकवीस लाख ही त्या घरपोच सेवेची किंमत. कोणाला ती परवडते, त्याने खुशाल द्यावी. फक्त माहीत असून द्यावी.

तुमच्या जागी मी असतो तर या वर्षी एवढंच केलं असतं. भारतातलं जुनं बचत खातं अजून तसंच असेल (बहुतेकांचं असतं), तर बँकेला कळवून ते एनआरओ (अनिवासीचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घ्या आणि एनआरई (परदेशातली कमाई ठेवायचं) खातं उघडा. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त आहे, एनआरओच्या व्याजावर 30 टक्के कर आणि वर उपकर आधीच कापला जातो. त्यामुळे इथून पाठवलेली बचत एनआरईतच ठेवा. म्युच्युअल फंडाच्या केवायसीमध्येही ‘अनिवासी’ अशी नोंद बदला. पीपीएफ आधीचं असेल तर मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, नवीन मात्र उघडता येत नाही. सहा महिन्यांचा खर्च दुबईतच हाताशी ठेवा, कारण नोकरी गेली की व्हिसाचं घड्याळ सुरू होतं. घरी कोणी तुमच्यावर अवलंबून असेल तर साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा) घ्या. आणि ग्रॅच्युइटीवर, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेवर, विसंबू नका. पहिली पाच वर्षं वर्षाला 21 दिवसांचा पगार मिळतो, तोही फक्त बेसिकवर, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगारावर. बेसिक 6,000 असेल तर पाच वर्षांचे झाले 21,000 दिरहम. पेन्शन तर आपल्याला इथे नाहीच.

यातल्या कशासाठीही सल्लागार लागत नाही. दोन-तीन सुट्टीचे दिवस आणि बँकेच्या माणसाशी हुज्जत घालायची तयारी लागते. उरलेल्या पैशांतून एखाद्या साध्या इंडेक्स फंडात (बाजार निर्देशांकातलेच शेअर घेणारा फंड) थोडी एसआयपी, म्हणजे दरमहा ठरलेला हप्ता, सुरू करा आणि बाजार पडला की आपली झोप उडते का ते बघा.

तुम्ही अमेरिकेत असता तर मी उलट सांगितलं असतं. तिथे भारतीय म्युच्युअल फंड पीएफआयसी नावाच्या जाचक करनियमात अडकतात, बाहेरच्या देशांतल्या खात्यांत मिळून 10,000 डॉलरच्या वर गेलं की दरवर्षी सरकारला कळवावं लागतं. तिथल्या माणसाने पहिला रुपया गुंतवायच्या आधी दोन्हीकडचं कळणारा सीए गाठावा.

मी स्वतः शेवटी 2019 मध्ये सल्लागार नेमला, सेबीच्या यादीत नाव तपासून. एकदाच 18,000 रुपये फी दिली, दोन तासांच्या दोन बैठका झाल्या. तेव्हा प्रश्नच तसे होते. वडिलांच्या नावावर मी वर्षानुवर्षं ठेवी केल्या होत्या आणि आम्ही तीन भावंडं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांचा हक्क उरतोच, हे त्याने पहिल्या अर्ध्या तासात समजावलं आणि मला घाम फुटला. शिवाय भारतातलं उत्पन्न वर्षाला पंधरा लाखांच्या पुढे गेलं तर कर नसलेल्या देशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला भारत निवासी मानू शकतो, हा 2020 चा नियम. तो आमच्या बैठकांनंतर आला, आणि त्यानेच फोन करून सांगितला. त्या फोनचे पैसे घेतले नाहीत.

तो फोनवाला फारच मागे लागला तर त्याला लेखी विचारा: माझ्या पैशातून तुम्हाला एकूण किती मिळणार, आणि तिसऱ्या वर्षी मी मोडलं तर माझ्या हातात किती पडणार. आकड्यातच उत्तर मागा, आणि आलं तर इथे टिप्पणीत टाका. बिल तपासायची सवय अजून गेलेली नाही, मी बघून देईन.