वाचकांचे प्रश्न : कार्यानुभवाचा तास

प्रश्न : नववीला आठवड्यातून एकच तास मिळतो. त्यात चित्रकला, शिवण आणि स्वयंपाक यांचा मेळ कसा घालावा? — एक शिक्षिका, सातारा

उत्तर : तिन्ही विषय थोडेथोडे उरकण्यापेक्षा एक सुती रुमाल घेऊन काही आठवडे त्यावरच काम करावे. मुलांनी नक्षी आखून तिच्यावर धावदोरा घालावा, दोरा घट्ट ओढून कापड चुणावे आणि तुरटीच्या पाण्यात भिजवून ते हळदीत रंगवावे. धुण्याच्या सोड्याने हळद तांबडी होते आणि लिंबाने पुन्हा पिवळी, हे त्यांना स्वतः पाहू द्यावे. (हा रंग उन्हात विटतो, हे पालकांना आधीच कळवलेले बरे.) स्वयंपाकाची सुरुवात शेगडीविना, मोड आलेल्या मुगाच्या कोशिंबिरीने करावी. मुलग्यांना मात्र सुई-सुरीतून सूट देऊ नये.