चॅपमनचा पिग्मी शॅमेलिऑन नामशेष झाला आहे का?

नाही, अजून आहे. पण फार थोड्या जागेत.

हा सरडा मलावी देशाच्या दक्षिण टोकाला, मलावी हिल्सच्या जंगलात राहतो. पूर्ण वाढ झाली तरी जेमतेम साडेपाच सेंटिमीटर. दिवसा जमिनीवरच्या पाचोळ्यात वावरतो आणि तपकिरी अंगामुळे समोर असूनही दिसत नाही, वाळकं पानच वाटतो. अंधार पडला की बुटक्या झुडपांवर चढून झोपतो. म्हणूनच त्याला शोधायचं तर रात्री, टॉर्च घेऊन.

१९९२ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. जंगल तुटतच होतं, म्हणून १९९८ मध्ये ३७ सरडे सुमारे ९५ किलोमीटर उत्तरेला मिकुंडीच्या जंगलात नेऊन सोडले. ते तिथे तगले. मूळ ठिकाणी मात्र जात संपली असावी अशी भीती होती. २०१६ मध्ये उरल्यासुरल्या झाडीत तो पुन्हा सापडला, ही फार मोठी गोष्ट आहे.

१९८४ पासून तिथलं सुमारे ८० टक्के जंगल गेलं, मुख्यतः शेतीसाठी. उघडं शेत ओलांडून हा जीव पलीकडच्या झाडीत जाऊ शकत नाही. त्यामुळे वेगवेगळ्या तुकड्यांतले सरडे एकमेकांत मिसळत नाहीत, हे जनुकीय तपासणीतही दिसलं. माझ्या मते आधी ही तोड थांबायला हवी, बाकीचे उपाय त्यानंतरचे.